पुढच्या ट्रॅक्टरचा मान

आमच्या गावाची एक वाईट खोड आहे. एखाद्या माणसाला मान द्यायला लागलो की आम्ही त्याचं ऐकायचं बंद करतो. त्याला पुढं बसवतो, हार घालतो, त्याच्या नावाच्या शपथा खातो, पण तो काय म्हणतोय ते कुणाच्या कानात शिरत नाही. धर्मराज नानाच्या बाबतीत हेच झालं. मला अजून संताप येतो, म्हणून लिहायला बसलोय.

दिंद्रुडवरून आत वळलं की कोसभरावर आमचं गाव. गावात माझी पिठाची गिरणी आहे. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला खाली कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयताच म्हणतात. असे कितीतरी कोयते, त्यांची पोरंबाळं, शेळ्या, खुराड्यातल्या कोंबड्या, खोपीचे पत्रे, ज्वारीची पोती, चुलीवरची काळी भांडी, हे सगळं ट्रॉल्यांत रचायचं, त्यावर माणसं बसवायची आणि ट्रॅक्टरनं ओढत न्यायचं. मग पार उन्हाळ्यापर्यंत माझी गिरणी गप्प. मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि मी.

टोळीचा पुढचा ट्रॅक्टर धर्मराज नाना चालवायचा. मिसरूड फुटल्यापासून त्यानं दुसरं काही केलं नाही. उंच, काटक माणूस, बोलायला तुटक, पण स्वभावानं मिश्कील. वाटेतल्या मोठ्या खड्ड्यांना त्यानं पुढाऱ्यांची नावं ठेवली होती आणि दर निवडणुकीनंतर तो ती बदलायचा. "धरून बसा रे, नवं सरकार आलं," असं तो ओरडला की ट्रॉलीतली माणसं हसत हसत कडा धरायची. त्याच्या हातून कधी कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तान्ही लेकरं घेऊन निघालेल्या बाया नानाच्याच ट्रॉलीत बसायचं म्हणून एकमेकींशी भांडायच्या.

हा पुढचा ट्रॅक्टर म्हणजे आमच्या टोळीत देवाच्या पालखीइतका मानाचा. निघायच्या आधी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मारुतीच्या पारावर टोळीचा मुकादम तबकात विडा ठेवतो. पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं तो उचलायचा आणि म्हणायचं, "चला, मी हाय." तेवढं म्हटलं की बाया सामान बांधायला घेतात. एकदा हा विडा ज्याच्याकडं गेला, त्याच्याकडंच तो दरसाल येतो. तो नाकारायची सोय नाही. नाकारला तर त्या वर्षी टोळीचं काहीतरी वाईट होतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. सुटका एकाच वाटेनं होते, अंगच जागेवर पडलं तर. नानाच्या आधी सुंदरराव म्हणून एक होता, त्याला लकवा मारला तेव्हाच विडा त्याच्याकडून नानाकडं आला.

नानाची बायको भिवराबाई. गुडघे धरले तेव्हापासून ती उसाच्या फडात जायची थांबली होती आणि मागं घर सांभाळायची. मुलगा परमेश्वर आणि सून मनिषा यांचा कोयता मात्र टोळीत असायचाच. पुढचं बरंचसं मला मनिषानं सांगितलेलं आहे. काही नानानं सांगितलं, आणि काही मी डोळ्यांनी पाहिलं.

नानाच्या डोळ्यांचं पहिल्यांदा भिवराबाईच्या ध्यानात आलं. ती डाव्या बाजूनं चहाचा कप पुढं करायची आणि नानाचा हात त्याच्यावर आपटायचा. एकदा सांडला, दोनदा सांडला. मग तिनं पाहिलं की नाना दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी सारखी मान वळवतोय. समोर पारावर बसलेला माणूस कोण ते तो बिनचूक सांगायचा, पण खांद्याशी उभी राहिलेली नात त्याला दिसत नव्हती. डावीकडचं जवळजवळ संपलेलं होतं आणि उजवीकडचंही उतरणीला लागलं होतं. याला काचबिंदू म्हणतात आणि त्यात मधली नजर सगळ्यात शेवटी जाते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नानाला वाटलं, उमर झाली.

"अवं, यंदा ऱ्हाऊ द्या," एकदा भाकरी थापता थापता भिवराबाई म्हणाली. मनिषा तिथंच चुलीत काटक्या सारत होती.

"ऱ्हाऊ द्या म्हनून ऱ्हात असतं का?" नाना म्हणाला. "इडा कुनाच्या तोंडावर फेकू?"

"मग दिसत न्हाई म्हनून सांगा."

नानानं दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "माजं लायसन संपायलंय या म्हयन्यात. नवं करायला डाक्टरचा दाखला लागतो. डाक्टर डोळे बघंल, न्हाई म्हनंल. डाक्टरच न्हाई म्हनल्यावर कुनाला बोलायला जागा न्हाई. इडाबी मोकळा अन् मीबी मोकळा."

मनिषा सांगते, हे बोलताना नानाचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. लायसन संपतंय म्हणून खूश झालेला ड्रायव्हर मी तरी दुसरा ऐकलेला नाही. त्याला नापास व्हायचं होतं. सगळ्या गावासमोर आपल्या तोंडानं 'मी आंधळा होत चाललोय' असं म्हणायची हिंमत त्याच्याकडं नव्हती, आणि ते दुसऱ्या कुणी, खुर्चीवर बसलेल्या माणसानं म्हणावं एवढीच त्याची इच्छा होती. आता तुम्ही म्हणाल, एवढं कळत होतं तर तोंड उघडून सांगायचं की! म्हणायला सोपं आहे. ज्या माणसाची सगळी किंमत एका ट्रॅक्टरवर ठरलेली आहे, त्याला ते वाक्य घशातून बाहेर काढायला सांगून बघा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपणच शिकवतो ना माणसाला?

तालुक्याला डॉक्टर हरिओमचा दवाखाना आहे. हा हरिओम आमच्याच टोळीतला. त्याची आई चतुराबाई ऐन थंडीत फडात अडली होती, तेव्हा नानानं भरलेल्या ट्रॉल्या सोडून एक रिकामी ट्रॉली जोडली, उसाच्या पाचटावर गोधडी टाकली आणि तिला गचका न बसू देता सरकारी दवाखान्यात नेऊन घातली. हरिओम तिथं जन्मला. पोरगं शिकलं, डॉक्टर झालं, गावानं मिरवणूक काढली. चाळिशी उलटलेल्या ड्रायव्हरांचे दाखले तोच द्यायचा. दुसऱ्या कुणाकडं जावं असं नानाच्या मनात आलं होतं, पण मुकादम तात्याबानं ऐकलं नाही. तात्याबा म्हणाला, "आपलं पोरगं सोडून परक्याच्या दारात कावून जायाचं?" आणि स्वतः मोटारसायकलवर घेऊन गेला.

दवाखान्यात पेशंटची ही गर्दी. हरिओम खुर्चीवरून उठला, सगळ्यांच्या देखत नानाच्या पाया पडला, चहा मागवला. तात्याबा शेजारच्या खुर्चीवर पाय पसरून बसला. नानानं सांगितलं, दाखला पाहिजे. हरिओम म्हणाला, "नाना, तुम्हाला तपासणारा मी कोण?"

"तसं नगं," नाना म्हणाला. "डोळे नीट तपास."

हरिओमनं भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. नानानं वरपासून खालपर्यंत अक्षरं वाचली, शेवटची बारीक ओळसुद्धा. हरिओम खूश झाला. शेजारच्या कॅलेंडरवरची तिथी वाचायला सांगितली. नानानं तीही वाचली. समोरचं त्याला दिसतच होतं, तो काय खोटं वाचणार?

"तरण्या पोरांना लाजवाल, नाना," हरिओम म्हणाला आणि त्यानं पेन काढलं.

नानानं तात्याबाकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "समोरचं दिसतंय बे. बाजूचं बी बघ की जरा."

हरिओम हसला. "बाजूचं बघायला ट्रॉलीत सगळी टोळी बसलेली असती की, नाना!"

तात्याबानं मांडीवर थाप मारली. "हातच्या काकनाला आरसा कशाला, डाक्टरसायेब? द्या सही ठोकून."

आणि सही झाली. हरिओमच्या मनात काही पाप नव्हतं, हे मला कबूल आहे. त्याच्या मनात उपकार होते, आणि उपकारांनी त्याचे डोळे बांधले. एक बोट उचलून नानाच्या कानाजवळ धरलं असतं आणि 'दिसतंय का' विचारलं असतं, तर काम झालं असतं. पण ज्याच्या ट्रॉलीत आपला जीव वाचला त्याच्यात काही कमी असू शकतं, हा विचारच त्या पोराला शिवला नाही.

नाना घरी आला आणि उंबऱ्यावरच बसला. भिवराबाईनं विचारलं, "काय म्हनला हरिओम?"

"पास झालो," नाना म्हणाला. पोरं नापास होऊन येतात ना, तसा त्याचा आवाज होता, असं मनिषा सांगते.

दोन-चार दिवसांनी भिवराबाई गुडघ्याचं निमित्त करून सुनेला घेऊन त्याच दवाखान्यात गेली. तिथं तिनं आडपडदा ठेवला नाही. "हरिओम, तेंला बाजूचं दिसत न्हाई. माजा हात दिसत न्हाई, नात दिसत न्हाई. तू दिल्याला कागद माघारी घे."

हरिओमनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "मावशी, तुमचा जीव त्यांच्यात अडकलाय, कळतंय मला. पण नानांना घरात बसवलं तर महिन्याभरात खाटेला लागतील. अशी माणसं कामावरच चांगली राहतात."

"मी खोटं बोलायले का?"

"तसं नाही हो. त्यांनी माझ्यासमोर शेवटची ओळ वाचली. थोडंफार वयानं होतं. सीझन उरकून आले की मोठ्या दवाखान्यात मशीनवर दाखवू, मी स्वतः घेऊन जातो. ठीक आहे?"

मनिषा डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिच्या ओठांवर आलं होतं, की आत्ता बोलवा तेंला आणि आत्ता बघा. पण सासूच्या पुढं आणि डॉक्टरच्या पुढं सुनेनं बोलायचं कसं? तिनं पदर आणखी पुढं ओढला. भिवराबाईला गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या.

खंडेनवमीला नानानं विडा उचलला. "चला, मी हाय," म्हणाला. मी पारावरच होतो. आवाज जरा बसलेला वाटला, पण मी म्हटलं, बदलत्या हवेनं असेल. गावानं हलगी वाजवली.

टोळी निघायच्या सकाळी मात्र एक नवल झालं. भिवराबाई लुगडं खोचून, डोक्यावर टापर बांधून तयार. "मीबी येनार," म्हणाली. परमेश्वर चिडला, गुडघे धरल्याली बाई फडात काय करणार? तिनं कुणाचं ऐकलं नाही. ट्रॉलीतही बसली नाही. सरळ ट्रॅक्टरवर चढली आणि नानाच्या डाव्या हाताला, मागच्या मोठ्या चाकावरच्या मडगार्डवर पोतं टाकून बसली.

झालं, टोळीला विषय मिळाला. तात्याबा ओरडला, "वयनी, म्हातारपनी हनिमूनला निगाल्या काय?"

"व्हय," भिवराबाई म्हणाली, "तुमाला कावून जळायलंय?"

सगळी ट्रॉली खदाखदा हसली. मी गिरणीच्या ओट्यावरून हात हलवला. दोघं म्हातारा-म्हातारी असे जवळजवळ बसलेले पाहून मलाही बरं वाटलं. ती तिथं कशासाठी बसली आहे, हे त्या गर्दीत फक्त मनिषाला माहीत होतं. मनिषा मुद्दाम पुढच्या ट्रॉलीच्या पुढच्या कडेला जाऊन बसली, तिथून तिला सासूचा हात दिसत होता.

भिवराबाईनं डावा हात मडगार्डच्या दांडीला धरला होता आणि उजवा नानाच्या खांद्यावर ठेवला होता. डावीकडून काही आलं की ती खांदा दाबायची. मोकळं झालं की हात सैल सोडायची. सायकलवाला, शेळ्यांचा कळप, वळणावरचा कठडा, सगळं त्या हातातून नानाला कळत होतं. धारूरचा घाट त्यांनी असाच पार केला. अरुंद वाट, एका अंगाला दरी, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. मनिषानं ट्रॉलीची कड सोडली नाही. पण घाट संपला तेव्हा नानानं मान वळवून बायकोकडं पाहिलं आणि हसला. भिवराबाईनं पदरानं तोंड पुसलं. मनिषाला वाटलं, चला, असंच रेटता येईल. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतील, आणि कुणाला काही कळायचं नाही.

केजच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक मोठा कडुलिंब आहे, शेजारी हापसा. टोळी तिथं नेहमीच थांबते. दुपारची भाकरी झाली, पोरांना पाणी पाजलं, बाया आडोशाला जाऊन आल्या. मागच्या ट्रॅक्टरचा अंगद घाई करू लागला. नानानं सीटवर बसून ट्रॅक्टर सुरू केला आणि मागं वळून ओरडला, "बसले का समदे?"

"बसले!" ट्रॉल्यांतून आवाज आला. ट्रॉलीत बसणारी माणसं ट्रॉलीतली माणसंच मोजतात. मडगार्डवर यंदा कुणी बसतं, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

भिवराबाई हापशावरून बाटली भरून आली होती आणि मोठ्या चाकाच्या पुढं, ट्रॅक्टरला अगदी चिकटून उभी होती. दुखऱ्या गुडघ्यानं पाय वर टाकायला तिला वेळ लागत होता. तिनं "थांबा" म्हटलं असेल, नसेलही, इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार. जाताना तिनं भाकरीचं गाठोडं मडगार्डवर ठेवलं होतं. नानाच्या डाव्या कोपराला ते गाठोडं लागलं. त्याला वाटलं, बसली. त्यानं गिअर टाकला.

मनिषानं ते पाहिलं. ती ओरडली, पण ओरडेपर्यंत चाक पुढं गेलं होतं. नानाला एवढंच जाणवलं की चाक कशावरून तरी गेलं. त्यानं ट्रॅक्टर थांबवला आणि डावीकडं हात लांबवून म्हणाला, "भिवरे, बघ गं काय आलं चाकाखाली."

पोलीस आले. रीतसर नोंद झाली. हवालदारानं नानाचं लायसन उलटंपालटं करून पाहिलं, तारीख पाहिली, दाखल्याचं विचारलं. "कागदात काही खोट न्हाई, बाबा," तो म्हणाला. "तुमचा दोष धरता येत न्हाई. घरचीच बाई, नशिबाचा खेळ." नाना त्याच्याकडं बघत राहिला. कुणीतरी दोष धरावा म्हणून तो वाट बघत होता असं मला वाटतं, पण दोष त्याला कुणी दिला नाही.

दहाव्याला हरिओम आला. चतुराबाईही आली होती, ती नानाच्या ट्रॉलीची तीच गोष्ट बायांना पुन्हा सांगून रडत होती. हरिओम नानाजवळ खाली बसला. नाना म्हणाला, "आता तरी नीट बघ."

हरिओमनं इकडंतिकडं पाहिलं. मग एक बोट उचलून नानाच्या डाव्या कानाकडून हळूहळू पुढं आणलं. नाना समोर भिंतीकडं बघत होता. बोट पार नाकासमोर आलं तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसलं." हरिओमनं उजवीकडून तसंच केलं. तिकडंही फार फरक नव्हता. त्यानं हात मागं घेतला. स्वयंपाकघराच्या दारातून मनिषा बघत होती.

"दिसलं का तुला, मला दिसत न्हाई ते?" नानानं विचारलं.

"आधी जरा सावरा, नाना. मग बघू," हरिओम म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

तो पुन्हा आला नाही, आणि कुणाला काही कळवलंही नाही. कळवायचं म्हणजे स्वतःच्या सहीच्या विरुद्ध लिहायचं. पहिली चूक भोळेपणाची होती म्हणून मी माफ केली असती. ही दुसरी मी माफ करणार नाही. तालुक्याला गेलो तरी मी त्या दवाखान्यावरून जात नाही, फेरा पडला तरी चालतो.

त्या सीझनला पुढचा ट्रॅक्टर अंगदनं नेला. नाना घरी राहिला. दिवसभर ओसरीवर बसायचा. परमेश्वर फडावरून फोन करायचा, तर "बरं हाय" एवढंच म्हणायचा. मी कधी पिठाचा डबा घेऊन जाऊन बसायचो. तेव्हाच त्यानं त्या दवाखान्यातलं सगळं मला सांगितलं. एकदा म्हणाला, "मास्तर, त्या पोरानं मला नापास केलं असतं तर ती आज माज्यावर वरडत असती." मी मास्तर नाही, गिरणीवाला आहे, पण तो मला मास्तरच म्हणायचा, कारण मी पेपर वाचतो.

मग पुन्हा दसरा आला. माझी अशी समजूत होती की आता तरी गाव शहाणं झालं असेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. खंडेनवमीच्या सकाळी सगळी टोळी पारावर जमली. त्या दिवशी आमच्याकडं कोयत्यांची पूजा असते. बायांनी आपापले कोयते घासूनपुसून, हळदीकुंकू लावून आणले होते. तात्याबानं माणूस पाठवून नानाला बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि विड्याचं तबक त्याच्या समोर सरकवलं.

"नाना, लायसन चालू हाय तुमचं," तो म्हणाला. "एक वरीस दुखवट्याचं झालं. यंदा वयनींच्या नावानं इडा उचला. तुमच्याबिगर टोळीला बरकत न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी मारुतीच्या नावानं जयजयकारही केला.

नाना उठून उभा राहिला. इतके दिवस घशात अडकलेलं वाक्य त्यानं त्या दिवशी बाहेर काढलं. सगळ्या गावाच्या समोर, मोठ्यानं. "मला दिसत न्हाई. बाजूचं काईच दिसत न्हाई मला. म्हनूनच भिवरा बसली व्हती तितं."

आणि गावानं काय केलं माहीत आहे? गाव हळहळलं. बाया डोळे पुसू लागल्या. तात्याबानं नानाच्या खांद्यावर हात ठेवला आणि भोवतीच्या माणसांना म्हणाला, "दुःखानं बोलायलेत. बायको गेल्यावर मानूस असाच खचतो." मग नानाला म्हणाला, "मन घट्ट करा, नाना. समोर बघा, इडा दिसतोय ना?"

"इडा दिसतोय," नाना म्हणाला.

"मग झालं तर! उचला."

मी काही बोलणार तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून मनिषा पुढं आली. डोक्यावरचा पदर खाली पडला होता, तो तिनं सावरला नाही. परमेश्वरानं "ए, कुठं चाललीस?" म्हणून दबक्या आवाजात विचारलं, तिनं वळूनही पाहिलं नाही. ती जाऊन नानाच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि हातातला कोयता उचलून तिनं त्याचं पातं नानाच्या कानापासून वीतभर अंतरावर धरलं.

तात्याबा मागं सरकला. नाना तात्याबाकडंच बघत होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मनिषानं कोयता हळूहळू डोळ्याच्या कडेपर्यंत आणला. ऊन पडून पातं चमकत होतं, ते माझ्या डोळ्यांत लांबून शिरलं. नाना तसाच उभा.

"मामंजी," ती म्हणाली, "माज्या हातात काय हाय?"

"कोन, मनिषा?" नाना म्हणाला. "कुठं हायस गं तू?"

नानानं आवाजाच्या दिशेनं सगळी मान वळवली. आधी त्याला कोयत्याचं टोक दिसलं, मग मूठ, मग सुनेचा चेहरा. तो दचकला नाही. ती कुठं उभी आहे, ट्रॅक्टरवर बसल्यावर तिथं काय येतं, याचा तो जणू अंदाज घेत होता.

"भिवरा बी हितंच हुबी व्हती का गं?"

"व्हय, मामंजी," मनिषा म्हणाली. "हितंच."

नाना पाराच्या कडेला खाली बसला. मनिषानं कोयता बाजूला ठेवला आणि त्याच्याजवळ बसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तात्याबा तबकाकडं बघत थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं विडा उचलून आपल्या खिशात घातला.